सासऱ्यांच्या गाडीचं दार

मंगळवार, ४ फेब्रुवारी

शिडी गच्चीवरून खाली आणली. पार्किंगमधून वळताना तिचं टोक गाडीला घासलं. खरं तर गाडीच मध्ये आली. उभी आपल्याच जागेवर होती, पण अंमळ बाहेर. ड्रायव्हरच्या दारावर, हँडलखाली तीन ओरखडे. केसाएवढे.

गाडी सासऱ्यांची. डॉक्टरांनी त्यांचं ड्रायव्हिंग बंद केलं. मग त्यांनी गाडी आधी काही दिवस थोरल्या मुलीकडे ठेवली, आता आमच्याकडे आहे. कायमची कुणाकडे राहणार ते रविवारी येऊन सांगणार आहेत. म्हणजे सरळसरळ दोन जावयांची परीक्षा. साडू आणि मी. साडूला मी मनातल्या मनात परीटघडी म्हणतो. त्याच्या मोज्यांनासुद्धा इस्त्री असते. असल्या दिखाऊपणाला सासरे भुलणार नाहीत.

बायकोला ही गाडी मनापासून हवी आहे. ती हिच्यावरच चालवायला शिकली, शेजारी वडिलांना बसवून. गाडी सुरू करताना स्टिअरिंगवर हलकेच थोपटते. मला कधी थोपटल्याचं आठवत नाही.

ओरखडे पाहून म्हणाली, उद्याच्या उद्या गॅरेजमध्ये दे. म्हटलं, एवढ्याशा कामाला गॅरेज कशाला, घरी करतो. ती माझ्याकडे बघत राहिली. कौतुकानेच असावं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

ऑफिसमध्ये यावरचे व्हिडिओ पाहिले. सुरुवात आणि शेवट. मधलं आपोआप लक्षात येतं. एका माणसाने चुटकीसरशी दार आरशासारखं केलं. तो फार हुशार वाटला नाही.

संध्याकाळी टूथपेस्ट लावून घासलं. ओरखडे गेले! वाळल्यावर परत आले. आता त्यांना पुदिन्याचा वास येतो.

बायकोला सांगितलं, पहिला टप्पा पार पडला. तिने विचारलं, एकूण किती आहेत? कामाच्या मध्ये असले प्रश्न विचारले की माणसाचा उत्साह जातो.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिशपेपर आणला. एकशेवीस नंबर होता आणि दोन हजार नंबर होता. डोकं चालवलं. ओरखडे किरकोळ, तर नंबरही किरकोळ हवा. दोन हजार म्हणजे दाराला भोकच पडायचं. एकशेवीस घेतला.

संध्याकाळी. घासलं. ओरखडे पूर्ण गेले. रंगही गेला. तळहाताएवढ्या जागेत पत्रा दिसतो आहे.

थोड्या वेळाने. पाकिटावर लिहिलेलं असतं म्हणे. नंबर जितका मोठा तितका कागद मऊ. एकशेवीस हा गंजलेल्या गेटसाठी. हे असं उलटं कुणी ठरवलं? सामान्य माणसाचा विचार कुणी करतच नाही.

तरीही, ओरखडे काढायचे होते ते निघाले. उरलं ते रंगकाम. तो वेगळा विषय आहे.

गाडीवर चादर घातली. बायकोला म्हटलं, दोन दिवस बसने जा, गाडीची ट्रीटमेंट चालू आहे. ती म्हणाली, चादर नवी आहे.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

सुट्टी टाकली. साहेबांनी फोनवर विचारलं, सगळं ठीक ना? म्हटलं, सासऱ्यांचं आहे. साहेबांचा आवाज एकदम उतरला. काळजी घ्या म्हणाले, लागेल तेवढी सुट्टी घ्या म्हणाले. चांगला माणूस.

रंगाचा स्प्रे आणला. गाडी मोतिया रंगाची. रंगाचा नेमका कोड गाडीवर एका स्टिकरवर असतो, पण तो देऊन रंग मागवायचा तर पुढचा आठवडा उजाडणार. शेवटी पांढरा तो पांढरा. मोबाइलमध्ये गाडीचा फोटो काढून नेला होता, दुकानात त्याच्याशी डब्याचं झाकण लावून पाहिलं. तंतोतंत.

झाकण जुळलं. आतला रंग जुळला नाही. आत फ्रिजचा पांढरा निघाला. ठिगळाच्या कडा पुसट करायला गेलो तर कडा पसरल्या. मग त्या कडांच्या कडा. शेवटी सगळं दारच रंगवून टाकलं. वारा होता. पँटही रंगली, ती मात्र एकसारखी.

दार आता सुंदर दिसतं. त्याच्यामुळे बाकीची गाडी मळकी दिसते, त्याला मी काय करणार?

एक किडा येऊन ओल्या रंगात बसला. काढायला गेलो तर पाय राहिले.

शनिवार, ८ फेब्रुवारी

रंग ओघळला आहे. खालच्या कडेला झाकायला लावलेलं वर्तमानपत्र चिकटलं. हवामानाचा अंदाज स्पष्ट वाचता येतो. रंग गुळगुळीत करायची पेस्ट मिळते, रबिंग कंपाऊंड, ती लावून घासलं. ओघळ जागचे हलले नाहीत, पत्रा मात्र पुन्हा डोकावला.

तेवढ्यात बायको खाली आली आणि तिने चादर उचलली. आधी हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग पायरीवर बसली आणि बराच वेळ उठली नाही. म्हणाली, बाबा हिला कधी कुणाला पुसूसुद्धा देत नव्हते. म्हटलं, उद्यापर्यंत काहीतरी करतो. ती म्हणाली, हात जोडते, आता काही करू नकोस.

संध्याकाळी. अर्थात केलं. गाडी भिंतीला खेटून लावली, ड्रायव्हरची बाजू भिंतीकडे. सासरे दुसऱ्या बाजूने बघतील, खूश होतील, वर चहाला येतील. साधा सरळ प्लॅन. पलीकडच्या दारातून बाहेर येताना पाठीत उसण भरली.

रविवार, ९ फेब्रुवारी

दुपारी. सासरे आले. सोबत साडू, पांढऱ्या पँटमध्ये. सासरे म्हणाले, चहा नंतर, आधी एक चक्कर मारू. बायकोला गाडी काढायला सांगितली. ही शक्यता मी धरली नव्हती.

गाडी भिंतीपासून निघाली. दार उन्हात आलं.

साडू म्हणाला, बाप रे. आणि रुमाल तोंडाला लावला. सासरे गाडीभोवती फिरून तिकडे गेले. दारावरून हात फिरवला. किड्याच्या पायांपाशी थांबले. बायको खाली उतरली होती, ती कुठेच बघत नव्हती. त्यांनी विचारलं, हे कुणी केलं?

मी सांगणारच होतो. तोंड उघडलंही होतं. सुरुवात शिडीपासून करावी की पॉलिशपेपरच्या कंपनीपासून, एवढं ठरेपर्यंत बायको म्हणाली, बाबा, मी केलं.

सासरे तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, तू केलं असतंस तर नीट झालं असतं.

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिच्या हातातली किल्ली घेतली आणि परत तिच्याच हातात ठेवली. म्हणाले, ही तुझीच. थोरलीने मला आधीच सांगितलं होतं, तिला नकोय. मुलींचंच काय ते ठरवायचं होतं.

जावयांची परीक्षा कुणी घेतच नव्हतं. साडूने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. त्याचा चेहरा पार उतरला होता. पहिल्यांदाच त्याच्याबद्दल आपुलकी वाटली.

संध्याकाळी. सगळे गेल्यावर बायकोला विचारलं, माझ्यासाठी खोटं का बोललीस? म्हणाली, तू तोंड उघडून उभा होतास, ते बघवेना. थँक्यू म्हणालो. आणखीही बरंच काही म्हणायचं होतं, ते जमलं नाही.

उद्या ती गाडी गॅरेजमध्ये नेणार आहे. मी येऊ का, विचारलं. ती म्हणाली, ये, पण मागच्या सीटवर बसायचं आणि कशालाही हात लावायचा नाही.

कबूल केलं.