पुलाचे सातवे आरेखन

प्रिय बुद्धप्रिया,

सप्रेम जय भीम. तुझ्या आरतीचे बाळ मान धरू लागल्याचे तुझ्या फोनवरून कळले. पणजोबा असून मी अद्याप लातूरला आलो नाही, म्हणून तू रुसली आहेस, हेही कळले. परंतु माझी सबब खोटी नाही. नांदेडच्या अभियंता मंडळाचे जुने दप्तर लावण्याचे काम माझ्या गळ्यात आहे, आणि ज्यांनी ते घातले तेच ते होऊ देत नाहीत.

आमचे नवे चिटणीस श्रीशैल यांना ती खोली रिकामी करून वातानुकूलित सभागृह हवे आहे. त्यांच्या सूचनापत्रकात कर्ता एकवचनी आणि क्रियापद अनेकवचनी असते. मी दुरुस्त करून परत पाठवले, तर म्हणाले, “सर, समजलं ना तुम्हाला? मग झालं की.” त्यांच्या माणसांनी आरेखनांची नळकांडी उंचीप्रमाणे लावली; त्यामुळे कंधारचा पूल धर्माबादच्या गोदामाला टेकून उभा आहे. ‘दिसायला बरं दिसतं’ असे त्यावरचे स्पष्टीकरण.

कंधार रस्त्यावरचा तो पूल माझे पहिले स्वतंत्र काम. आरेखने सात, त्यांतले सातवे, म्हणजे खांब ज्यांवर उभे राहतात त्या पायाच्या विहिरींचे, तेव्हापासून सापडत नाही. आता मंडळाची सूची छापली जात आहे आणि तीत माझ्या नावापुढे ‘ताब्यातून गहाळ’ असा शेरा पडणार आहे. मी हरकत घेतली. श्रीशैल म्हणाले, “एवढं काय मनावर घेता सर, पूल तर उभा हाय ना?” पूल उभा आहे हे मला त्यांच्याकडून कळायला नको होते.

मग मीच ते नळकांडे रिकामे केले. सहा आरेखनांच्या आत सातवी गुंडाळी होती. उलगडली, तर शाई सांडून वाया गेलेले माझेच कापड. ते तेथे असण्याचे काही कारण नव्हते, कारण ते मी तुझ्या आईला धुवायला दिले होते.

त्या काळी आरेखने खळ दिलेल्या तलम कापडावर काढत. बिघडलेले कापड आम्ही घरी नेत असू; कोमट पाण्यात खळ सुटली की मलमलीहून मऊ होई. आम्हा सगळ्यांचे हातरुमाल त्याचेच. तुझ्या जन्माआधी मी उमरीला दौऱ्यावर असताना कार्यालयाचा शिपाई घरी राहिलेली आरेखनाची गुंडाळी न्यायला आला. तुझ्या आईने घरातल्या दोन गुंडाळ्यांतली एक पाण्यात घातली आणि दुसरी नीट फीत बांधून त्याच्या हाती दिली. परतल्यावर दोरीवर वाळणारे त्या कापडाचे झबले पाहून मी कुरकुरलो की रेघा राहिल्या आहेत. ती म्हणाली, “तुमचा हात लई जड हाय. खळ गेली, पण शाई काही निघंना.” माझी बिघडलेली रेघ एवढी सरळ कशी, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते ऐक. तू परवा सहज म्हणालीस की तुझे नि आरतीचे झबले बाळाला घातले आहे, पण त्यावरच्या काळपट रेघा तुला आवडत नाहीत आणि रविवारी ते ब्लीचमध्ये भिजवणार आहेस. भिजवू नकोस. त्या पायाच्या विहिरी आहेत. फोनवर सांगितले असते तर तू हसत बसली असतीस आणि झबले भिजले असते. बाळ झोपले की त्याला न उठवता, शेजारी फूटपट्टी ठेवून, एक छायाचित्र काढ. मंडळासाठी नव्हे, माझ्यासाठी. श्रीशैल यांनी झबले परत मागवायला सांगितले असते, म्हणून त्यांना काही बोललो नाही. मात्र सूचीचा मसुदा माझ्यापुढे आला, तेव्हा ‘गहाळ’ हा शब्द खोडला आणि सातव्या आरेखनापुढे स्वच्छ अक्षरांत लिहिले : ‘वापरात आहे.’ कोणाच्या, असे त्यांनी विचारले. मी सांगितले, वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण आहे.

रविवारच्या आत येतो.

तुझाच,
अप्पा