विषय क्रमांक तीन

रविवार, ५ ऑक्टोबर

आजच्या कॉलमध्ये घडले ते असे:
१. साताऱ्याहून अब्बा-अम्मी, दहिवडीहून शमशेरचाचा, फलटणहून ताहेराआपा जोडले गेले. मी सांगलीहून, विश्रामबागेतल्या खोलीतून.
२. विषय: फलटणच्या वाजिदचे माझ्यासाठी आलेले स्थळ.
३. सगळे एकाच वेळी बोलले.
४. मी नकार दिला नाही. संधी मिळाली नाही.
५. निर्णय झाला नाही.

दोष माणसांचा नाही, पद्धतीचा आहे. ऑफिसात चार शहरांतल्या टीमचे कॉल मीच चालवते. तिथे कुणी कुणाला तोडत नाही. पुढच्या रविवारी अजेंडा. मुद्दे नीट मांडले की लोक आपोआप योग्य निष्कर्षाला येतात. मला नकार द्यावाच लागणार नाही.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

ग्रुपवर अजेंडा पाठवला. विषय एक, आवाज तपासणी. दोन, चाचांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन. तीन, स्थळ. सोबत नियम: आधी नाव सांगून बोलावे, हरकत असेल त्यानेच बोलावे, कुणी बोलले नाही तर मुद्दा मंजूर. शेवटच्या नियमाने ऑफिसात फार वेळ वाचतो.

चाचांनी अंगठा पाठवला. अब्बांनी उत्तरादाखल वाजिदचा फोटो पाठवला. दिसायला बरा आहे. हा मुद्दा नाही.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

आपाचा फोन. म्हणाली, "नको असेल तर अब्बांना सरळ सांग ना! त्याला अजेंडा कशाला लागतो?"

मी म्हटले, ग्रुपमध्ये बोलले की सगळ्यांना एकच माहिती मिळते.

"घाबरतेस त्यांना."

हे चुकीचे आहे. केवळ नोंद म्हणून लिहिले.

रविवार, १२ ऑक्टोबर, दुपारी

कॉल वेळेवर सुरू. चाचांचे शिलाईचे दुकान उघडे होते. फोन स्पीकरवर, मशीनशेजारी. विषय दोनमध्ये एक गिऱ्हाईक सामील झाले. नियम पाळून, हे विशेष: "मी तात्या बोलतोय. आवं, डोळ्याचं काय न्हाई, माझं दोन्ही झालंय. पोराचं बोला की. लय गुणाचं हाय." चाचांनी अजेंडा छापून दुकानात लावला आहे, असे कळले.

विषय तीन. सहा स्लाइड दाखवल्या. माझे काम सांगलीत, बदली नाही, वाजिदच्या घरच्यांना सुनेची नोकरी नको. कुठेही 'मला' हा शब्द वापरला नाही. अब्बा म्हणाले, अक्षर बारीक आहे.

मग त्यांनी विचारले, "रुमाना, तुझी काही हरकत आहे का, बेटा?"

कॉल चालवणाऱ्याने स्वतःचे मत देऊ नये, हे तत्त्व मी पाळले. शिवाय पुढची स्लाइड शोधत होते. पुढची स्लाइड नव्हती.

अम्मी म्हणाली, लाजतेय. आपा "अगं बोल, बोल" म्हणत राहिली. तिने नाव सांगितले नव्हते. तात्या म्हणाले, "पोरगी गप हाय म्हंजे झालं की वो! तिनंच लिवलंय न्हवं हितं?" चाचांनी भिंतीवरचा नियम मोठ्याने वाचला. अब्बा म्हणाले, मुबारक.

कॉल ठरलेल्या वेळेत संपला. निर्णयही झाला. पद्धत म्हणून आजवरचा सर्वांत यशस्वी कॉल.

जेवले नाही.

सोमवार, १३ ऑक्टोबर

सकाळी ग्रुपवर इतिवृत्त पाठवले: विषय तीन, अनिर्णित. चाचांनी अंगठा पाठवला. अम्मीने विचारले, मंगनीला हिरवा ड्रेस की गुलाबी? वाजिदकडचे येत्या रविवारी साताऱ्याला येणार आहेत.

दुपारी अब्बांचा नंबर लावला. वाजायच्या आत कट केला. नेटवर्कला दोष देता येणार नाही, पूर्ण होते.

संध्याकाळी त्यांना एकट्यांना लिहिले. पाठवले ते असे:

"अब्बा, मला हे स्थळ नको आहे. काल मी गप्प राहिले तो होकार नव्हता. तुमच्यासमोर बोलायचे धाडस झाले नाही. रविवारी येऊ नका असे त्यांना सांगाल का? शुक्रवार, १७ ऑक्टोबरपर्यंत मला उत्तर द्या. रुमाना."