गुलाबी झग्याचा रविवार

१९ डिसेंबर
आगमनकाळ, तिसरा आठवडा

चि. धाकटीस,

अ. आ. हातातली सुई खाली ठेवून आशीर्वाद देते आहे, तेव्हा नीट घे.

तुझं पत्र फादरांना दाखवायची दुर्बुद्धी मला झाली आणि त्यांनी ते रविवारच्या पत्रकात छापलं. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक नसलेल्याला द्यावा, त्या शुभवर्तमानावरचं. तुझ्या वॉर्डातल्या म्हातारीने शेजारच्या खाटेवरच्या बाईला आपला स्वेटर दिला ते वाचून लोक डोळे पुसत होते. लिहिणाऱ्याचं नाव छापायचं नाही असा फादरांचा नियम आहे. पण चर्चच्या पायऱ्या उतरेपर्यंत सगळ्यांना कळलं होतं की हे आमच्या नर्सबाईंचं.

खरं सांगू? माझा नुसता जळफळाट झाला. अगं, अंगरख्यांवर तू लिहावंस? पंचवीस वर्षं अंगरखे मी शिवतेय. फादरांचे झगे मी उसवते, मीच शिवते. उपवासकाळाचा जांभळा, सणाचा पांढरा, साध्या रविवारांचा हिरवा आणि वर्षातून दोनदाच कपाटातून निघणारा गुलाबी. दर रविवारी चर्चमध्ये होणाऱ्या वाचनावर मीही लिहिते, मापांच्या वहीत, उलट्या बाजूने. ती वही मशीनच्या खणात पडून आहे. कोणी मागितली नाही कधी.

आणि बाबांनी तर कहर केला. मला वाचायला लावलं, आणि संपल्यावर म्हणाले, परत वाच. गुडघ्यांना मलम मी चोळायचं आणि दोनदा ऐकायचं ते तुझं!

पुढच्या रविवारचं वाचन मागच्या बाजूला उतरवलंय. थंडी आहे, कान झाकत जा. लोभ आहेच, सध्या जरा विरलाय इतकंच.

तुझी ताई


११ मार्च
उपवासकाळ, पहिला आठवडा

ती. ताईस,

सा. न. वि. वि. दिवसभर उभं राहून कंबर धरली आहे, त्यामुळे साष्टांग मनातल्या मनात.

फादरांचं पत्र आलंय. उपवासकाळाच्या चौथ्या रविवारचं, म्हणजे तुझ्या गुलाबी झग्याच्या रविवारचं चिंतन मी लिहावं म्हणतात. मी भीत भीत हो कळवलं. रागावू नकोस गं.

वाचन मात्र तूच पाठव. आई होती तेव्हापासूनची आपली रीत आहे, वाचन तू तुझ्या अक्षरात उतरवायचंस आणि मी त्यावर लिहायचं. मी कुणाला न सांगता घर सोडून लग्न केलं, तेव्हाही आठवड्याच्या आत तुझ्या हातचं वाचन आलं होतं. खाली एक शब्द नव्हता. तो कागद अजून माझ्याकडे आहे. दर तीन वर्षांनी वाचनं फिरून येतात, त्यात यंदा कुठलं हा घोळ मला कधी उलगडला नाही.

बाबांचा खोकला कसा आहे? दोरा ओवायला आता चष्मा कर, हट्ट पुरे झाला. लोभ विरला असेल तर रफू करून पाठव.

तुझी धाकटी


१४ मार्च

चि. धाकटीस,

अ. आ. काम डोक्यावरून वाहतंय, म्हणून थोडक्यात.

वाचन मागे उतरवलंय. योहानाच्या शुभवर्तमानातलं, जन्मांधाला दृष्टी मिळते ते. तू नर्स, तुला काय अवघड? छानच लिहिशील. बाबा आतापासून वाट बघताहेत. मला दोनदा वाचावं लागणार, म्हणून घसा सांभाळून आहे.

खोकला बरा आहे. गुलाबी झग्याचं अस्तर बदलते आहे. जास्त काही नाही.

ताई


२२ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. या वेळी ताठ उभी राहून.

जन्मांधावर चार पानं लिहून झाली. पाकीट चिकटवणार, एवढ्यात आमच्या हॉस्पिटलच्या प्रार्थनाघरातल्या दिनदर्शिकेवर नजर गेली. ते वाचन दोन वर्षांमागचं आहे. यंदा लूकचं आहे, दोन मुलांचं. धाकटा वाटणी घेऊन निघून जातो, सगळं उधळून परत येतो, बाप धावत जाऊन मिठी मारतो, आणि मोठा शेतावरून येऊन दाराबाहेरच थांबतो.

आधी वाटलं, चुकलीस. मग वाटलं, छे, तू चुकणार नाहीस. दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. फादरांपुढे माझं हसं झालं असतं ताई.

मग मी पाच वर्षांनी घरी परत आले तो दिवस आठवला. बाबा अनवाणी रस्त्यापर्यंत धावत आले होते. तू मशीनवरून उठली नाहीस. मी दारात उभी होते आणि मशीन चालूच होतं.

त्या गोष्टीवर मी काय लिहू? धाकट्याला सगळं मिळालं, तो काय बोलणार! मोठ्याच्या मनात काय होतं ते तूच लिही. फादरांना तसं कळवलंय, वही कुठल्या खणात आहे तेही. चिडलीस तर चिड, पण लिही.

तुझी धाकटी


१ एप्रिल

चि. धाकटीस,

अ. आ. आणि एक धपाटा, तो आलीस की देईन.

मी मुद्दाम केलं. दोन वर्षांमागचं पान उघडून, समोर ठेवून उतरवलं. त्या गोष्टीवर तू लिहावंस आणि बाबांनी दोनदा ऐकावं हे मला सोसवलं नसतं. तुझं हसं होईल हे कळत होतं. मला माफ कर.

फादर झगा न्यायला आले आणि सरळ खणाकडे बोट दाखवलं. मग मी बसले लिहायला. लिहिलं की मेजवानी सुरू झाली तेव्हा मोठ्याला बोलवायला शेतावर कोणी गेलं नाही, त्याला ते गाण्याबजावण्याच्या आवाजावरून कळलं. एक गोष्ट लिहिली नाही, ती तुलाच सांगते. त्या दिवशी मशीन चालू होतं ना, त्यात कापड नव्हतं.

रविवारी बाबांना पत्रक वाचून दाखवलं. म्हणाले, परत वाच. वाचलं. डोळे पुसत म्हणाले, धाकटी फार छान लिहिते. नाव छापत नाहीत ना! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. उठून स्वयंपाकघरात गेले, भांडी आपटली, आणि परत येऊन म्हटलं, "बाबा, हे मी लिहिलंय."

ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "तू लिहितेस? मग मला कधी वाचून का दाखवलं नाहीस?"

कोणी मागत नाही म्हणून मी पंचवीस वर्षं फुगून बसले होते, आणि खण त्यांच्या खुर्चीपासून दोन हातांवर होता. "आणखी एकदा वाच," म्हणाले. तिसऱ्यांदा वाचलं.

आता रोज वहीतलं एक पान वाचते. मधेच कुणाच्या कमरेचं माप येतं, तेही मन लावून ऐकतात.

पुनरुत्थानाच्या रविवारी ये. मशीन बंद ठेवीन. बाबांना वाचून मात्र मीच दाखवणार, तू बाजूला बसून ऐकायचं, आणि दोनदा. जळायची आता तुझी पाळी.

त्या रविवारचं वाचन मागे उतरवलंय. यंदाचंच आहे, तरी दिनदर्शिकेत बघून घे.

तुझी ताई