नमुना घराचा पहिला लाभार्थी

३ फेब्रुवारी, सकाळी ८.१०
आमच्या संस्थेचे नमुना घर शहराबाहेर, नवा रायपुरात उभे राहिले. मंजिरी मॅडम म्हणाल्या, पंधराला देणगीदार येतील, तोवर घरात एक बेघर माणूस राहायला आण, तुझी नोकरी पक्की करते. शहरात बेघर पुष्कळ. दोन दिवसांचे काम.
लाभार्थी-नियमावली मीच टाईप केली. तीनदा तपासली. एकही चूक नाही.

५ फेब्रुवारी
भीमाबाईंना निवडले. शहरात, शंकर नगरात दातून म्हणजे दात घासायच्या काड्या विकतात, बंद दुकानाच्या ओट्यावर झोपतात. फॉर्मचे चौतीस प्रश्न विचारले. घर पाहिजे का? म्हणाल्या, "काहून नाही पाहिजे?" केस क्लोज.

८ फेब्रुवारी
भीमाबाई मावशींना घर दाखवले. बांबूच्या भिंती, सोलर पंखा. त्यांनी विचारले, इथं दातून घेते कोण? रस्ता रुंद होता, त्यावर कोणी नव्हते. मी म्हणालो, शांतता मिळेल. म्हणाल्या, "मंग तूच राह्य ना, बाबू." विनोदी स्वभाव. फॉर्मवर 'अनुकूल' लिहिले.

११ फेब्रुवारी
मावशी राहायला आल्या. यश.

१२ फेब्रुवारी
मावशी ओट्यावर परत. दुधाच्या गाडीने गेल्या. गिऱ्हाईक सकाळी सहाला येते, पहिली बस नऊला, असे म्हणणे. धंदा कुठे करता, हा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता. चौतीस पुरेसे वाटले होते.
पंधराला त्या तासाभरासाठी येतील असे ठरले. (मी ठरवले.) मॅडमना सांगून उगाच टेन्शन कशाला.

१५ फेब्रुवारी, ११.४०
मावशी नाहीत. पाहुण्यांच्या गाड्या दारात. खोचलेला शर्ट बाहेर काढून मीच उंबरठ्यावर बसलो. फक्त फोटोपुरता. पाहुण्यांनी नाव विचारले, बुद्धभूषण सांगितले. घर कसे वाटते, विचारले. पंख्याची स्तुती केली. मॅडम पूर्ण वेळ हसत होत्या. नोकरी पक्की समजावी.

१८ फेब्रुवारी
देणगीदार खूश. त्यांची एकच अट : फोटोतला बुद्धभूषण तिथेच वर्षभर राहावा, दरमहा नवा फोटो पाठवावा.
मॅडमनी नियम सात वाचून दाखवला. लाभार्थी संस्थेचा कर्मचारी नसावा. मग विचारले, हे कोणी टाईप केले?
नोकरीचा आज शेवटचा दिवस होता म्हणे.

४ मार्च
पगार नाही, म्हणून भाड्याची खोली सोडली. नमुना घर तयारच होते. नऊच्या बसने शंकर नगरात काम शोधायला येतो. पोचेपर्यंत लोकांनी माणूस घेतलेला असतो.
आज ओट्याजवळ थांबलो. मावशींनी विचारले, "गमते का तिथं?"
अनुकूल आहे, म्हणालो.
त्यांनी दातूनची जुडी उचलली आणि थोड्या सरकून बसल्या.