मांडव उभा आहे, निरोप राहिलाय

प्रिय सदा,

उशिरा लिहितोय, रागावू नकोस. तुला जाऊन वर्ष होत आलं आणि आज कुठे कागद घेऊन बसलोय. सातवीतून शाळा सुटलेल्या माणसाचं अक्षर कसं असतं ते तुला ठाऊक आहे. हसायचं तेवढं हसून घे. पण आज लिहिल्याशिवाय भागणार नाही. उद्या तुझ्या लेकीचा, आपल्या निकिताचा साखरपुडा आहे. पाहुणे नाते गावाहून सकाळीच निघतील.

तू म्हणायचास ना, पोरीचं कार्य हॉलमध्ये नाही, घरच्या परसात करायचं? तेच धरून बसली पोरगी. मांडव घालायला आता वाडीत माणसं कुठे आहेत? सगळी मुंबईला. मग माझ्या महेशने मुंबईहून खोकी धाडली. पोलादपूरच्या नाक्यावर उतरवून घेतली आणि मिनीडोर टेम्पोत घालून वर आणली. गझिबो म्हणे! चार लोखंडी खांब, वर कापडाचं छप्पर. महेश फोनवर म्हणाला, "तात्या, दोन तासांचं काम हाय, लहान मूल पण जोडील." तो लहान होता तेव्हा त्याला पाट नीट मांडता येत नव्हता!

सोबत कागद आला, त्यावर नुसती चित्रं. एका चित्रात माणूस हसत हसत बोल्ट पिळतोय. मला नाही हसू आलं.

सदा, खांब म्हटला की आपल्याला काय माहीत? खड्डा! काल मी खड्डा खणला, उंबराची फांदी ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि पहिला खांब मुहूर्तमेढ म्हणून मातीत गाडला. दगड घालून चांगला ठोकला. त्याच्या पायाला लोखंडी ताटली होती, ती मला वाटलं मातीत धरून ठेवायला असेल. बाकीचे तीन खांब आपल्या जुन्या लाद्यांवर ठेवायचे होते. ते उभे केले, वरचे दांडे जोडायला घेतले, तर एकही भोक जुळेना. मी घामाघूम. कुणाला विचारू? तू असतास तर म्हणाला असतास, "भाऊ, आधी बस, पाणी पी."

तेवढ्यात मागच्या दारातून आवाज आला. वासंती. डोक्यावर पदर, तोंड तुळशीकडे.

"ऐकतेस गो, तुळशीबाई? एक पाय मातीत नि तीन पाय वर, असं छप्पर कधी सरळ बसतं काय?"

तुला सांगायला नको. तिचा मी भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ. एवढी वर्षं एका घरात राहिलो, पण माझ्याशी समोरासमोर ती कधी बोलली नाही. मीही नाही. मध्ये तू होतास. ती चुलीपाशी, मी ओटीवर, आणि तू तोंडात घास घेऊन, "भाऊ, ती विचारते, भाकरी वाढू का?" लबाडा, तू निरोप बदलायचास हे मला काय कळलं नव्हतं? ती म्हणायची मीठ संपलंय, आणि तू मला सांगायचास, भाऊसाठी मुद्दाम अळणी केलंय, ब्लड प्रेशर आहे ना!

माझी घरवाली तुझ्या आधीच गेली. तू गेल्यावर सगळं निकिताच्या गळ्यात पडलं. ती म्हणते, "बाबा गेले नि त्यांची पोस्टमनची नोकरी मला लागली." पण उद्याच्या नंतर तीही सासरचीच झाली की रे.

तर मीही तुळशीलाच उत्तर दिलं. "सांगा तिला, खांब मातीत नाय गेला तर वाऱ्यात उभा राहील कसा?"

"दोरीनं बांधून," तुळशीला पुन्हा सांगितलं गेलं. "फणसाला बांधा, पायावर दगड ठेवा. उंबराची फांदी बाजूला रोवली तरी देव काय रागवत नाय."

निकिता हसून हसून पायरीवर बसली. मी गुपचूप खांब उपसला. लादीवर ठेवला तर भोकं पटापट जुळली. पण दोऱ्या बांधायच्या आधी मी छप्पर चढवलं. तिथे घात झाला.

दुपारनंतर घाटाकडून वारा सुटतो, हे मी लहानपणापासून बघतोय आणि नेमका विसरलो! कापडात वारा भरला. खांब उचलला गेला, मी तो मिठी मारून धरला, पाय माझेच सुटायला लागले. आणि दारातून पदर टाकून वासंती धावत आली, समोरचा खांब धरला आणि ओरडली, "तात्या, सोडू नका! मी धरलाय!"

तात्या! तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. निकिताने धावत दोऱ्या बांधल्या. वारा पडला, मांडव उभा राहिला. मी काहीतरी बोलणार, तोच तिने पदर सावरला आणि आत गेली. तेव्हापासून परत तुळससुद्धा गप्प आहे.

आता खरी काळजी ऐक. पाटावर निकिताच्या शेजारी कुणी बसायचं? भावकी म्हणते, चुलत्याने बसावं, विधवा आईने आत राहावं. निकिता म्हणते, "आई नाय बसली तर मी पण नाय बसणार." वासंतीने तिला एवढंच सांगितलं, "मोठ्यांनी सांगितलं तर बघेन." मोठे म्हणजे मी! आज सकाळपासून चार वेळा मागच्या दारापर्यंत गेलो, बोल्ट तपासायच्या निमित्ताने. बोल्ट घट्ट आहेत. जीभच उचलत नाही. तू का रे आधी गेलास? धाकट्याने असं करायचं असतं?

ती तुझं ऐकेल. दुपारी तिचा जरा डोळा लागतो, तेव्हा तिच्या स्वप्नात ये आणि सांग: भाऊ म्हणाला, उद्या पोरीजवळ तू बस. तो मांडवाचा खांब धरून उभा राहील. भावकीला काय बोलायचं ते त्याच्याशी बोलू दे.

आणि तुझ्याकडून काही झालं नाही, तर वचन देतो, पाहुणे यायच्या आत मीच दारात उभा राहून बोलेन. तुळशीशी नाही, तिच्याशी.

पण तू तिच्याकडे आधी गेलास तर बरं. एवढा निरोप पोचव, सदा, आणि या खेपेला बदलू नकोस. ती काय म्हणाली ते मला लवकर कळव. मी परसातच आहे.

तुझा भाऊ,
बाळाराम