जागावाटपाचे एकशे सत्त्याऐंशी फाटे

हुबळी, मंगळवार

तीर्थस्वरूप सुब्रायमामांच्या चरणी भाचा चिदानंद याचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? सिद्दापूरच्या हवेत दोन वेळा कषायाचा काढा पिणाऱ्याला काय धाड भरली आहे, पण विचारायची रीत आहे. (मामी सांगत होत्या, बागेतल्या सुपारीच्या झाडांनाही तुम्ही नंबर दिलेत.) इकडे सर्व खुशाल, तुमचं फंक्शन सोडून.

बस कंपनीच्या कॉम्प्युटरसाठी वीस वर्षांपूर्वी तुम्ही लिहिलेलं जागावाटपाचं फंक्शन, म्हणजे कोडचा तो तुकडा, अजून तसाच चालतो. पण आमच्या नव्या साहेब विनुता मॅडम बेंगळुरूहून येताना कोडचा गुंता मोजणारा प्रोग्राम घेऊन आल्या आहेत. ‘असं असेल तर इकडे, नसेल तर तिकडे’ असा फाटा दिसला की तो एक आकडा चढवतो. दहाच्या आत असलं तर शहाणं, वीसच्या वर गेलं तर मोडून नीट मांडायचं. माझ्या फंक्शनला नऊ मिळाले (दोन दिवस मी कॉलर ताठ करून हिंडलो). तुमच्याला एकशे सत्त्याऐंशी. मॅडमनी विचारलं, "हे माणसानं लिहिलंय?" मी म्हटलं, "माझ्या मामांनी." त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला.

आता ते ठेवायचं की पाडून नवं लिहायचं, हे सोमवारी मला सहीनिशी सांगायचं आहे. आमच्या ऑफिसातल्या अशोकनं आधी एक तोड काढली होती. त्यानं फंक्शनचे बेचाळीस तुकडे केले आणि नावं ठेवली भाग एक ते भाग बेचाळीस. प्रत्येकाचा आकडा पाच. ऑफिसात धारवाडी पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी एका नवरीची जागा चुकली, तेव्हा चूक शोधायला आम्ही बेचाळीस घरं पुजली. अशोकचं म्हणणं एकच, "आकडा उतरला ना? मग झालं तर." मॅडमनी तुमचं जुनं परत लावलं.

मग मी एकेक फाटा वाचत बसलो. गरोदर बाईला मागच्या चाकावर बसवू नये. ज्याला ओकारी होते त्याला खिडकी. कोर्टात भांडणारे हेगडेबंधू एका रांगेत नकोत. मामा, मला तुमचा फार अभिमान वाटला आणि तितकाच रागही आला, कारण एकाही ओळीपाशी कारण लिहिलेलं नाही. तुम्हाला पाठ होतं, बाकीच्यांनी काय करायचं? माझं मत असं, की जिथे दर आठवड्याला हात घालावा लागतो तेवढंच नव्यानं मांडावं आणि बाकीचं निजलेलं निजू द्यावं. मामींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
चिदानंद

ता.क. मत वगैरे ठीक आहे, पत्र खरं एका ओळीसाठी आहे. अमावास्येला यल्लापूर ते शिरसी सात नंबरची जागा कुणाला देऊ नये, असं तिथे लिहिलं होतं. का, ते कळवावं.

आणखी ता.क. ‘होतं’ हे तुमच्या नजरेतून सुटलं नसणार. निरर्थक समजून ती ओळ मीच काढली. दर अमावास्येला त्या रिकाम्या सात नंबरवर बसून जाणाऱ्या भागीरथम्मा नावाच्या म्हाताऱ्या बाई गेल्या अमावास्येला शिरसीपर्यंत उभ्यानं गेल्या. कंडक्टर सांगत होता, त्या भांडल्या नाहीत. "जागा नाही म्हणजे सुब्राय गेला वाटतं," एवढंच म्हणाल्या आणि डोळे पुसत राहिल्या. ओळ मी परत घातली आहे, पण तुम्ही हयात आहात अशी त्यांची खात्री तेवढ्यानं पटायची नाही. शुक्रवारी अमावास्या आहे. गुडघा साथ देत असेल तर यल्लापूरला येऊन त्याच बसमध्ये बसा. आठ नंबर तुमच्या नावानं ठेवला आहे.