काळ्या पडद्यावरचे धवले

पेण, मंगळवार, मे १९९८

नवा प्रोसेसर एवढा वेगवान, मग जुन्या कॉम्प्युटरवर भरलेलं लग्नाचं शूटिंग त्याला का दिसत नाही? मला सांगता येत नाही. आवाज येतो, पडदा काळा. मूळ कॅसेटवर मी काम करते त्या स्टुडिओच्या दादांनी पुढचं लग्न शूट केलंय, म्हणजे हीच एक प्रत.

धरमतरच्या जानकीआत्या बघायला आल्या होत्या. लग्न त्यांच्या भाचीचं; हळदीला धवले, म्हणजे लग्नातली पारंपरिक गाणी, त्यांनीच म्हटलेले. काळ्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, "आवाज हाय, पन माझी नवी साडी कुठं गेली गो?" मग हळूच, "भाची रोह्याला दिलीय. तिला मी दिसाय पायजे."

चित्र बहुतेक जुन्या मशीनमधलं व्हिडिओ कार्डच उलगडतं. त्याची हार्डडिस्क आधीच नव्यात लावलीय, आणि उद्या ते मशीन गिऱ्हाईक नेणार. कार्ड काढून नव्यात लावू का, विचारलं. दादा म्हणाले, "बिघडलं तर?" आणि स्क्रू-ड्रायव्हर माझ्याच हातात दिला. एवढा विश्वास! घरी मला रेडिओसुद्धा उघडू देत नाहीत.

चित्र आलं! आत्या पडद्याला हात लावून बघत राहिल्या. देवा, किती बरं वाटलं.

दादा म्हणाले, "धवले लांबतात, कापून सिनेमाचं गाणं टाक." मी नाही कापले. अख्खे धवले कॅसेटवर उतरवून आत्यांना संध्याकाळच्या रोहा एसटीत बसवून आले.